विजापूरची नळी आणि लंडनचा पाइप



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडण्याचा संभव आहे. म्हणून आरंभींच सांगून ठेवतों कीं, तंबाखूची तरफदारी करण्यासाठीं मीं हा विषय घेतलेला नाहीं. नाणीं, शिलालेख, तोफा आणि तलवारी यांच्यावरून आपण इतिहास वाचतों. परंतु मनुष्यानें रोज हातांत धरलेली आणि ओंठाला लावलेली वस्तु त्याच्या काळाविषयीं कित्येकदां अधिक मोकळेपणानें बोलते. धूम्रपानाची नळी ही अशीच एक वस्तु आहे. माती, लांकूड, शिंग, रबर, सोनें आणि रत्नें इतकीं नानाविध द्रव्यें एका क्षुद्र व्यसनाच्या सेवेला कां लागलीं, याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे आपण विजापूरच्या दरबारांतून निघून लंडनच्या दुकानांपर्यंत जाऊन पोंचतों.

जुने विलायती पाइप जमविण्याचा नाद असलेले लोक अजूनही आहेत. ही मंडळी पाइपाची परीक्षा करतांना मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. पहिली गोष्ट ओढ. म्हणजे झुरका घेतांना धूर किती सहज येतो ती. दुसरी गोष्ट दांडीचा स्पर्श. म्हणजे दांतांत आणि ओंठांत धरलेलें टोंक कितपत सुखकर वाटतें तो. वाटीचा आकार, लांकडाचे रेशे आणि रुप्याची कडी हा सर्व दर्शनी थाट झाला. ओढणाऱ्याचें सुख मात्र या दोन गोष्टींवर अवलंबून असतें. हीच दुहेरी कसोटी हातीं घेऊन आपण चार शतकें मागें जाऊं.

इ. स. १६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग हा विजापूरहून आग्र्यास परतला. त्या वेळीं विजापुरास दुसरा इब्राहिम आदिलशहा राज्य करीत होता आणि आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या अमलाखालीं होता. पोर्तुगीजांनीं आणलेली तंबाखू दक्षिणेंत रुळली होती. असद बेगाला ती विजापुरांत मिळाली आणि उत्तरेकडे अशी वस्तु आपण पूर्वीं पाहिली नव्हती असें त्यानें लिहून ठेविलें आहे. बादशहाला नजर करण्यासाठीं त्यानें जी नळी सिद्ध केली, तिचें वर्णन मोठें बोलकें आहे. तिची दांडी सुमात्रा बेटांतील अचिन येथील होती. लांबी तीन हात. उत्तम वाळविलेली आणि रंगविलेली. दोन्ही टोंकांना रत्नें व मिन्याचें काम. ओंठाला लावण्याचें टोंक येमेन देशच्या अकीक दगडाचें, अंडाकृति. आणि तंबाखू पेटविण्याचें पात्र सोन्याचें. या वर्णनांत दांडी आणि तिचें टोंक यांनाच अधिक जागा मिळाली आहे. दक्षिणेंतल्या नळीच्या या जुन्या वर्णनांतही परीक्षकाची दृष्टि ओंठाच्या बाजूलाच खिळली आहे.

त्यापुढील प्रसंग तर त्याहून मनोरंजक आहे. बादशहानें दोन-तीन झुरके घेतले; तोंच राजवैद्य चिंतेंत पडला. त्याचें म्हणणें असें कीं, या औषधाची परीक्षा झालेली नाहीं, आपल्या ग्रंथांत त्याचा उल्लेख नाहीं, तेव्हां तें बादशहानें घेणें योग्य नव्हे. असद बेगानें उत्तर दिलें कीं, युरोपियन लोकांत शहाणे पुरुष आहेत आणि ते सहसा चुकत नाहींत. त्यावर वैद्य म्हणाला, युरोपियनांची चाल परीक्षेवांचून आपण कां उचलावी? वाद त्या दिवशीं मिटला नाहीं, आणि तंबाखू मात्र सरदारांच्या घरोघर गेली. पुढें १६१७ सालीं जहांगीर बादशहानें धूम्रपानास मनाईचा हुकूम काढला. तोही कागदावरच राहिला. तुकोबांच्या नांवावर चालणाऱ्या अभंगांतही तंबाखूच्या धुराचा निषेध आढळतो. त्यावरून हें व्यसन दरबारांतून उतरून किती लवकर गांवकुसाच्या आंत शिरलें याची कल्पना येते.

योगायोग असा कीं, त्याच १६०४ सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तंबाखूच्या निषेधार्थ स्वतः एक पुस्तिका लिहून प्रसिद्ध केली आणि तंबाखूवरील जकात जबर वाढविली. मात्र पंधरा वर्षांनीं, १६१९ सालीं, याच राजानें लंडनच्या पाइप घडविणाऱ्या कारागिरांच्या संघाला सनद दिली! जकातीचें उत्पन्न आणि नीतीचा उपदेश यांची गांठ सरकारी दप्तरांत अशी वारंवार पडते.

हे लंडनचे पाइप पांढऱ्या मातीचे होते. मातीच्या वळीमधून तार घालून भोंक पाडीत आणि मग भट्टींत भाजीत. प्रारंभींच्या पाइपांची वाटी लहान आणि दांडी आखूड असे. कारण तंबाखू महाग होती. पुढें तंबाखू स्वस्त झाली, वाटी मोठी झाली आणि धूर थंड होऊन यावा म्हणून दांडी लांबत गेली. लांब दांडींतून तार सरळ जावयाची तर ती बारीक हवी. म्हणून भोंकही बारीक होत गेलें. १९५४ सालीं जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन संशोधकानें उत्खननांत सांपडलेल्या हजारों तुकड्यांचीं भोंकें मोजलीं. १६०० च्या आसपास इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यांतील नऊ भाग, म्हणजे सुमारें साडेतीन मिलिमीटर, एवढें रुंद असलेलें भोंक १८०० पर्यंत चार भागांवर, म्हणजे सुमारें दीड मिलिमीटरवर, आलें होतें. ही उतरती भांजणी इतकी नियमित निघाली कीं, पुढें लुई बिनफर्ड या पुरातत्त्वज्ञानें तिचें गणिती सूत्र बसविलें. आणि आज मातीच्या दांड्यांच्या तुकड्यांवरून जुन्या वसाहतींचा काळ ठरवितां येतो. ज्या दांडीला तुटल्यावर कोणी उचलून पाहिलें नाहीं, तीच आज इतिहासाची साक्षीदार झाली आहे.

या बदलाचा ओढीवर काय परिणाम झाला असेल? पदार्थविज्ञानाचा एक नियम येथें उपयोगी पडतो. नळींतून वायु संथपणें वाहत असतां नळीचा व्यास निम्मा केला तर रोध दुप्पट होत नाहीं. तो सोळापट होतो. म्हणजे अठराव्या शतकांतील लांब पाइप ओढणाऱ्याला सावकाश, धीरानें ओढणें भागच होतें. घाईच्या माणसाचा तो पाइप नव्हे. शिवाय कोरडी भाजलेली माती ओंठाला चिकटते. म्हणून टोंकाला कधीं मेण लावीत, कधीं झिलई देत. आणि दांत तर त्या दांडीनें झिजतच. लंडनच्या जुन्या दफनभूमींतील सांगाड्यांत वरच्या व खालच्या दांतांमिळून तयार झालेली गोल खांच आढळते. ती या दांडीनेंच कोरलेली आहे. ओढ थंड, पण स्पर्श कठोर, असा मातीच्या पाइपाचा निवाडा करतां येईल.

त्याच काळांत आपल्याकडे हुक्का वाढत होता. हुक्क्याचा शोध अकबराच्या दरबारांतील हकीम अबुल फतह गिलानी यानें लाविला अशी आख्यायिका आहे. परंतु हा हकीम १५८९ सालींच वारला आणि असद बेग तर त्यानंतर पंधरा वर्षांनीं तंबाखूला नवी वस्तु म्हणतो. तेव्हां या आख्यायिकेवर फारसा भार देतां येत नाहीं. शोध कोणाचाही असो. धूर पाण्यांतून नेऊन लांब, लवचिक नळीनें ओढण्याची ही युक्ति ओंठाच्या सुखाच्या दृष्टीनें अद्वितीय होती. नळीला वजन नाहीं, दांतांना श्रम नाहींत आणि धूर थंडगार. मात्र तिची ओढ निराळी आहे. नळीचें टोंक पाण्यांत चार बोटें बुडालेलें असतें. तेवढ्या पाण्याचा दाब मोडल्यावांचून धूर वर येत नाहीं. म्हणून हुक्का नुसत्या गालांनीं ओढला जात नाहीं. तो छातीनें ओढावा लागतो. त्याचा गुडगुड आवाज हा त्या श्रमाचाच आवाज होय.

अठराव्या शतकांत कलकत्त्याच्या इंग्रज साहेबांनीं हा हुक्का इतक्या आवडीनें उचलला कीं, जेवणानंतर प्रत्येकाच्या खुर्चीमागें त्याचा हुक्काबरदार उभा राही. कंपनीच्या नोकरांना हिंदी चालीरीतींचें वावडें नव्हतें तो हा काळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही चाल मावळली. साहेब आणि हिंदी मनुष्य यांच्यामधील अंतर वाढलें आणि त्याबरोबर हुक्का जाऊन चिरूट आला. राज्यकर्त्यांच्या मनांतील पालट त्यांच्या ओंठांवर असा दिसून येतो.

खेड्यांत मात्र हुक्क्याचा थाट कोणाला परवडणार? तेथें चिलीम होती. वीतभर लांबीची, वर रुंद आणि खालीं निमुळती अशी मातीची पोकळ वस्तु, आंत तंबाखू खालीं पडूं नये म्हणून एक खडा, वर विस्तव, आणि खालच्या टोंकाला ओल्या चिंधीची छापी. चिलमीला दांडी नाहीं. ओढणाराचे दोन्ही हात हीच तिची दांडी. मूठ वळून तिच्या पोकळींतून धूर ओढावयाचा. त्यामुळें ओंठ मातीला लागत नाहींत आणि एकच चिलीम दहा जणांत फिरूं शकते. अर्थात् ती कोणाच्या हातीं द्यावयाची आणि कोणाच्या नाहीं, हें जातीनेंच ठरलेलें असे. चिलमीचें वर्तुळ ही गांवच्या विषमतेची रेखाच होती. ओढीच्या दृष्टीनें पाहिलें तर चिलमीचा मार्ग आखूड आणि रुंद. रोध जवळजवळ नाहींच. थंडावा काय तो छापीच्या ओलाव्याचा. म्हणून तिचा झुरका दणदणीत लागतो आणि सरळ फुप्फुसांत उतरतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थांत साधूंच्या हातीं गांजाची जी चिलीम दिसते, तिची घडणही हीच.

आतां ज्याला आपण विशेषेंकरून विलायती पाइप म्हणतों त्याकडे वळूं. त्याचा जन्म मात्र विलायतेंत झालेला नाहीं. भूमध्य समुद्राच्या कांठीं उगवणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशीं जी कठीण गांठ येते, तिला ब्रायर म्हणतात. ती सहसा जळत नाहीं, हें ओळखून फ्रान्समधील सें-क्लोद या गांवच्या कारागिरांनीं १८५० नंतरच्या दशकांत तिचे पाइप करण्यास प्रारंभ केला. तेथील कोम्वा घराण्यांतील आंरी कोम्वा हा १८७९ सालीं लंडनला आला आणि त्यानें तेथें आपला कारखाना घातला. बार्लिंग हें लंडनचें घराणें मूळचें रुप्याच्या कामाचें. तेंही पाइपांत उतरलें. अल्फ्रेड डनहिल हा तर मोटारींच्या सामानाचा व्यापारी. उघड्या मोटारींत वाऱ्यानें विस्तव उडूं नये म्हणून १९०४ सालीं त्यानें आडोसा असलेला पाइप काढला, १९०७ सालीं ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचें दुकान मांडलें आणि १९१० पासून स्वतःचे पाइप करविले.

या पाइपाची ओढ चांगली व्हावयाची तर एक अवघड काम साधावें लागतें. दांडीचें तीन-चार मिलिमीटरचें भोंक लांकडांतून सरळ जाऊन वाटीच्या नेमक्या तळाशीं निघालें पाहिजे. तें वर निघालें तर तळाची तंबाखू ओली राहून आंबते. मी ज्या अंबडांत राहतों तेथें नाशिकची मोठी औद्योगिक वसाहत आहे. लेथवर काम करणाऱ्या तेथील कोणत्याही कारागिराला विचारा. बारीक आणि लांब भोंक सरळ पाडणें किती कठीण, बरमा मध्येंच कसा वळतो, हें तो सांगेल. ब्रायर तर गांठीचें लांकूड. त्यांत कठीण-मऊ थर आलटून-पालटून येतात. दुसरी अडचण लांकूड आणि दांडी यांच्या सांध्याची. तेथें पोकळी राहिली कीं धुरांतील वाफ तीत थंड होऊन पाणी साचतें आणि पाइप घुरघुरूं लागतो. भोंक अरुंद असेल तर जोरानें ओढावें लागतें, विस्तव भडकतो आणि जीभ चुरचुरते. फार रुंद असेल तर तंबाखू भराभर जळून जाते. उत्तम ओढ या दोहोंच्या मध्यें असते, आणि ती कारागिराच्या हातावर ठरते.

दांडीच्या स्पर्शाचा प्रश्न रबरानें सोडविला. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यानें गंधक आणि उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची क्रिया शोधून काढली. इंग्लंडांत टॉमस हॅनकॉक यानें १८४३ सालीं तशीच क्रिया नोंदविली. गंधकाचें प्रमाण वाढविलें म्हणजे रबराचा शिंगासारखा कठीण, काळा पदार्थ होतो. त्याला व्हल्कनाइट किंवा एबोनाइट म्हणतात. पूर्वीं श्रीमंतांच्या पाइपाला अंबराची दांडी असे. ती सुंदर, पण दांतांखालीं तडकणारी. व्हल्कनाइट किंचित् लवते, दांतांना बोचत नाहीं आणि कानशीनें पाहिजे तितकें पातळ करतां येतें. बार्लिंगच्या जुन्या पाइपांची ख्याति मुख्यतः या पातळ, रुंद टोंकासाठीं आहे. डब्लिनच्या पीटरसन कारखान्यानें १८९८ सालीं निराळीच युक्ति काढली: धुराचें भोंक टोंकाच्या समोर न ठेवतां वरच्या अंगाला काढलें, म्हणजे धूर जिभेवर न आदळतां टाळूकडे जातो. डनहिलनें दांडीच्या आंत अ‍ॅल्युमिनियमची बारीक नळी बसविली. आणि हातानें घासलेल्या दांडीची वरची बाजू कोणती हें कळावें म्हणून १९१२ च्या सुमारास तिच्यावर पांढरा ठिपका दिला. तोच ठिपका पुढें त्या मालाची खूण झाला.

व्हल्कनाइटला एक दोष आहे. प्रकाश आणि हवा यांच्या योगानें त्यांतील गंधक वर येतें. काळी दांडी हिरवट-पिंगट पडते आणि तिला कडवट चव येते. कोणा श्रोत्याच्या आजोबांच्या पेटींत असा पाइप असेल तर दांडीच्या रंगावरून ती रबराची कीं अलीकडच्या प्लास्टिकची हें सहज ओळखतां येईल; कारण प्लास्टिकची दांडी असा रंग पालटत नाहीं, पण दांतांना ती कठीण लागते.

आतां सर्वांची तुलना एका ठिकाणीं करूं. हुक्क्याला नोकर लागतो, चिलमीला सोबती लागतात, पाइपाला कोणीच लागत नाहीं. हुक्का बैठक सोडीत नाहीं. चिलीम दोन्ही हात गुंतवून ठेवते. पाइप दांतांत धरून मनुष्य लिहूं शकतो, नकाशा पाहूं शकतो, घोड्यावर बसूं शकतो. देवळालीच्या छावणींत, सरकारी कचेऱ्यांत आणि चहाच्या मळ्यांवर राज्य करणाऱ्या एकट्या साहेबाला याहून सोयीचें साधन कोणतें मिळालें असतें? आपल्या नवशिक्षित वर्गानें त्याचा पाइप उचलला तो धुरापेक्षां त्या रुबाबासाठीं. त्याच वेळीं कष्टकरी वर्गाच्या हातीं विडी आली. तिला ना दांडी, ना पाणी, ना छापी. टेंभुर्णीच्या पानांतून हवा नीट खेळत नसल्यानें ती वारंवार न ओढली तर विझते. नाशिकपासून कांहीं कोसांवरच्या सिन्नरांत पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनीं विड्या वळल्या. स्वस्त झुरक्याच्या मागें त्यांच्या वांकलेल्या पाठी आणि छातींत गेलेली तंबाखूची धूळ आहे, हें ओढणाराला दिसत नाहीं.

अचिनची दांडी, येमेनचा अकीक, हुक्क्याचें पाणी, चिलमीची ओली छापी, लंडनचें व्हल्कनाइट या सर्वांचा उद्देश एकच होता: विस्तव जिभेला कळूं द्यावयाचा नाहीं. या कामीं मनुष्याची बुद्धि खरोखर नांवाजण्यासारखी चालली. परंतु जिभेला जें कळत नाहीं तें शरीराला कळतें. १७९५ सालींच जर्मन शरीरशास्त्रज्ञ झोमरिंग यानें पाइप ओढणाऱ्यांच्या ओंठाला कर्करोग होतो असें नमूद केलें. १९५० सालीं इंग्लंडांत डॉल आणि हिल यांनीं धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. १९६४ सालच्या अमेरिकन सर्जन जनरलच्या अहवालानें पाइप आणि ओंठाचा कर्करोग यांमधील कार्यकारणभाव मान्य केला. पाइपाचा धूर क्षारधर्मी असतो. तो छातींत न नेतां तोंडांत घोळविला तरी त्यांतील विष तोंडाच्या त्वचेंतूनच रक्तांत जातें. पाण्यानें हुक्क्याचा धूर शुद्ध होतो हाही भ्रमच. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, हुक्क्याच्या एका बैठकींत शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर छातींत जाऊं शकतो. महाराष्ट्रांत २०१८ सालीं हुक्क्याच्या दुकानांवर कायद्यानें बंदी आली ती यामुळेंच रास्त ठरते.

तेव्हां अकबराच्या दरबारांतील त्या वादाचा निकाल आज आपणांस देतां येतो. असद बेगाची नळी फार सुंदर होती, आणि तिची ओढ व स्पर्श हीं दोन्ही उत्तम असतील. परंतु प्रश्न राजवैद्यानें विचारला तोच खरा होता: याची परीक्षा झाली आहे काय? ती परीक्षा होण्यास साडेतीनशें वर्षें लागलीं आणि तेवढ्या अवधींत असंख्य माणसें खर्चीं पडलीं. जुना विलायती पाइप अवश्य जतन करावा, त्याची दांडी पुसून कपाटांत ठेवावी आणि त्याच्या भोंकांतून उजेडाकडे पाहावें. कारागिराचा हात किती सरळ चालला होता तें दिसेल. त्यांत तंबाखू भरण्याचें मात्र कांहीं कारण उरलेलें नाहीं.